पुढं खैरियत आहे

हिंगोली,
९ ऑगस्ट १९५३

तुळसे,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहेत, तुझ्या वहिनीचा गुडघा सोडून. तो तिच्याशी भांडतो आणि ती माझ्याशी, असं चाललंय.

आधी दोन ओळी रिठदच्या उर्दू शाळेच्या मुनीर मास्तरांसाठी. तुझी पत्रं तेच लिहितात आणि माझी तेच तुला वाचून दाखवतात, तेव्हा थेट त्यांनाच लिहितो. मास्तरसाहेब, निजामाच्या राज्यात मी वीस वर्षं कचेरीत पेशकार होतो. हाकिमापुढं कागद मांडायचे आणि वाचून दाखवायचे, हेच काम. कितीकांची अक्षरं या डोळ्यांखालून गेली, पण आपल्यासारखा हात विरळा. माझी बहीण वऱ्हाडीत बोलते, आपण ते जसंच्या तसं उर्दू अक्षरांत उतरवता, एक शब्द आपल्या पदरचा घालत नाही. आपले उस्ताद कोण, हे कळवण्याची तसदी घ्यावी. आपल्या कलमाला माझा सलाम.

आता तुझं. आपण दोघं एकाच घरात मराठी बोलत वाढलो. तुला शाळा मिळालीच नाही, आणि मला मिळाली ती उर्दू, कारण आपल्या गावाजवळ दुसरी नव्हती. म्हणून मी बोलतो मराठी, भांडतो मराठी, आणि लिहायला बसलो की हात उजवीकडून डावीकडं चालू लागतो. तो आता सुधारणार नाही. माझ्या पोराला मात्र मी मराठी शाळेत घातलंय आणि घरात उर्दू शाळेतली तख्ती आणि बोरू दिसता कामा नये अशी ताकीद दिली आहे.

चतुरीसाठी स्थळ आलंय. किन्हीराजाचे जगदेव, घरची शेती, मुलगा कामाचा. त्यांची एकच अट आहे, पोरगी शिकलेली नको. मी सांगून टाकलं की माझी भाची शाळेची पायरी चढलेली नाही. दिवाळीनंतर बघायला येतील. दाजींना विचारून कळव.

निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीच्या सालापासून तू माहेरी आलेली नाहीस. ते असो.

तुझा दादा,
शालिग्राम


रिठद,
पोळ्याची कर, १९५३

दादा,

तुहं पत्र आयकलं. काल पोळा झाला. ह्यायनं बैलाच्या शिंगायले असा काई रंग फासला का बैल पान्यात आपलंच तोंड पाहून बिचकला.

तू ज्या मास्तराले सलाम धाडला ना, त्याचा हात दोन वर्सं झाले कापते. कलम धरता येत नाई त्याले. तुले पत्रं लिहनारी इथीच बसून हाय. मी सांगून राह्यली अन् ती लिहून राह्यली, अन् मंगाशी तुहा सलाम वाचला तवा पदरात तोंड खुपसून हासत होती. तुही भाची होय ते, चतुरी. वाचाचं कामबी आता तीच करते.

राग येऊ देऊ नको, आंदी आयकून घे. तुहं पत्र आलं का मले मास्तराच्या दारात जा लागे. परक्या मानसाच्या तोंडून भावाचं दुखनं आयकाचं, अन् आपल्या मनातलं बी त्याच्यापाशीच उकलाचं. वहिनीच्या गोष्टी त्याले काय सांगू? म्हनून मी ठरवलं, दादाचं अक्षर वाचनारं एक मानूस घरातच पायजे. चतुरी सहा वर्साची होती तवाच तिले मास्तराच्या शाळेत नेऊन बसवलं. ह्यायनं इचारलं, काहून? मी म्हनलं, दादाच्या पत्रासाठी. हे म्हनले, मंग बसव. लोकायनं बोटं दाखवले, का तुळसाबाईची पोरगी मुसलमानाच्या शाळेत जाते. मी म्हनलं, तिचा मामा बी तसल्याच शाळेतला होय.

दादा, तू पाहाले पायजे होतं. लाकडाची तख्ती रोज धुते, मुलतानी मातीचा लेप देते, उन्हात वाळू घालते, चाकूनं बोरू तासते अन् मंग बसते. घरभर शाई. ती लिहाले बसली का माही भाकर करपते, मी पाहातच राह्यते. माह्या पोटची पोरगी असं कसं करते, मले अजून समजलं नाई.

मास्तर म्हन्ते, चतुरीले एप्रिलात वाशीमले सातवीच्या परीक्षेले बसवा. गावातल्या मुसलमानायच्या मोठ्या पोरी मास्तरापाशी येत नाई, पुरुसापाशी कशा येतीन? आमच्या ओसरीवर चतुरी शिकवते तं येतात. परीक्षा पास झाली तं ती खरीखुरी मास्तरीन होईन. ह्यायचं म्हननं एकच, मामा म्हनीन तसं. भाचीच्या बाबतीत आमच्या घरात तुह्या शब्दापुढं कोनी जात नाई, हे तुले माईत हाय. तं तू हो म्हन अन् जगदेवले थांबाले सांग.

तुळसा

मामा, उस्ताद मुनीर मास्तरच आहेत. सलामाला उलट काय लिहावं ते आई सांगत नाही, म्हणून नमस्कार.
चतुरा


हिंगोली,
२० सप्टेंबर १९५३

तुळसे,

तू मला फसवलंस. मी एका पोरीच्या अक्षराला साहेब-साहेब करत होतो आणि तू ते चुलीपुढं बसून ऐकत होतीस. ते एक वेळ सोडून देतो.

पण बाकीचं सोडता येत नाही. तू त्या अक्षराची शोभा लांबून पाहतेस. मी त्याच्याबरोबर संसार केला आहे. राज्य होतं तेव्हा कचेरीतले म्हणायचे, हिंदू असून काय नफीस उर्दू लिहितो, आणि त्यात कौतुकापेक्षा अचंबाच जास्त असायचा. राज्य गेलं तेव्हा आपलेच लोक म्हणाले, हा निजामाचा माणूस. माझं धोतर तेच, देव्हारा तोच, गाव तेच. नवे साहेब आले, म्हणाले टिपण मराठीत लिहा. मी चाळिशी उलटलेला माणूस बाराखडी गिरवत बसलो. पोराच्या वयाचा कारकून पाठीमागून वाकून बघायचा आणि हसायचा. मी नोकरी सोडून घरी आलो.

मला उर्दू आवडत नाही असं समजू नकोस. माझं वाचणं, माझा विचार, चार माणसांत बोलायची रीत, सगळं तिनंच दिलं. रात्री झोप आली नाही तर अजून तिचेच शब्द मनात येतात आणि बरं वाटतं. म्हणूनच सांगतो. ती माणसाला पुरतं आपलं करून घेते, आणि मग एक दिवस तिलाच जागा उरत नाही आणि तुम्ही तिच्यासकट बाहेर. पोरीला ते भोगायला लावू नकोस.

माझा शब्द हवा होता, तर घे. परीक्षा नाही. या महिन्यात तिला शाळेतून काढ. तख्ती मोडून चुलीत घाल. जगदेवना मी दिलेला शब्द खोटा पडता कामा नये.

आणि हे पत्र मुनीर मास्तरांकडूनच वाचून घे, पोरीच्या हाती देऊ नकोस. जिच्याविरुद्ध निकाल आहे तिलाच तो वाचायला दिला तर ती आपल्या सोयीचं वाचेल. मी कचेरीत हेच पाहिलं आहे.

शालिग्राम


रिठद,
कोजागिरी, १९५३

दादा,

हे चतुरीच्या हातचं शेवटचं पत्र. तू म्हनलं तसं तिची शाळा बंद केली.

तुहं पत्र आलं तवा मास्तर इंझोरीले लेकीकडं गेले होते. मले दम निघेना. मी म्हनलं, चतुरे, वाच. ती वाचत गेली. परीक्षा नाही, इथी आली तवा तिनं एकडाव माह्याकडं पाह्यलं अन् पुढं वाचलं. तख्ती चुलीत घाल, ते बी वाचलं. पोरीच्या हाती देऊ नको, ती आपल्या सोयीचं वाचेल, ते बी वाचलं, आवाज तेवढा बारीक झाला. शेवटी तुहं नाव वाचलं, कागदाची घडी करून माह्या हातात देल्ली अन् ढोरायले पानी दाखवाले गेली. तिथी रडली असन तं मले माईत नाई.

खरं सांगू? मलेच शंका आली. वाटलं, पोरीनं रागाच्या भरात वाढवून तं नाई वाचलं? माहा दादा तख्ती चुलीत घाल म्हनीन का? म्हनून मास्तर परत आले तवा मी कागद घेऊन त्यायच्या दारात गेली. ते वाचत गेले. तुह्या कचेरीची गोष्ट बराबर, शब्दाले शब्द. मंग थांबले. चश्मा काढला, पुसला, परत घातला. म्हनले, "बाई, पुढं खैरियत आहे." म्हन्जे बाकी सारं ठीक.

दादा, हे शब्द मी आंदी आयकले होते. धामधुमीच्या साली तुहं पत्र आलं तवा मास्तर असेच थांबले होते अन् असंच म्हनले होते. मी इचारलं, मास्तर, त्या साली पुढं काय लिवलं होतं? त्यायनं कागद खाली ठेवला. मंग म्हनले, "बाई, तेव्हा तुम्ही पोटुशी होत्या. रस्त्यानं गडबड चालू. मेरी हिम्मत नहीं हुई."

घरी आली अन् उतरंडीतून ते जुनं पत्र काढलं. चतुरीले म्हनलं, एवढं वाच, मंग तुले सुट्टी. तिनं वाचलं. तू लिवलं होतं, "तुळसे, मी घराबाहेर निघत नाही. लोक बोलत नाहीत. घास उतरत नाही. एकदा येऊन जा. तू आलीस तर मी उठेन."

मी आली नाई. मी उलट पत्र धाडलं होतं का औंदा तूर बरी हाय.

पाच वर्सं तू काय धरून बसला असशीन मनात. मले कोनी सांगतलं नाई रे दादा. सांगतलं असतं तं रस्त्यात गोळ्या सुटत असत्या तरी आली असती. तुहा आवाज मले आता आयकू आला, अन् तो तुह्या भाचीच्या तोंडून.

मास्तरावर मी रागावली नाई. त्यानं माह्या जिवाले जपलं. पन जपून जपून त्यानं माहा भाऊच गाळून टाकला. अन् हे चौदा वर्साची पोरगी, हिनं आपल्यावरचा निकाल बी गाळला नाई. मास्तरच म्हनले, "लिहिणं-वाचणं मी शिकवलं. हे मी शिकवलेलं नाही."

तख्ती मी चुलीत घातली नाई, माळ्यावर टाकली. तेवढा तुहा शब्द मोडला, बाकी पाळला. जगदेवचे लोक तुळशीच्या लग्नानंतर येनार हायत. चतुरी काम करते अन् जेवते. आता तू सांगशीन तसं होईन. पन मले एक सांग, ती नांदाले गेल्यावर तुहं पत्र आलं तं मी ते कोनापाशी घेऊन जाऊ?

तुळसा


हिंगोली,
१६ नोव्हेंबर १९५३

चि. चतुरा,

हे पत्र तुझ्या नावानं आहे. आईला वाचून दाखव. सगळं वाच असं तुला सांगायची गरज नाही.

तुझ्या आईचं पत्र मी तुझ्या मामीला वाचून दाखवलं. पाच वर्षं मी तिला ऐकवत आलो होतो की माझ्या बहिणीला भावापेक्षा तूर जवळची. तुरीचं वाक्य आलं तशी मामी हसायला लागली. मग ती रडली, आणि तिच्या मागून मीही. गुडघ्याचं तिला दिवसभर आठवलं नाही.

तुझ्या आईला सांग, माझा राग तिच्यावर होता. बहिणीवर काढता येईना म्हणून तो उर्दूवर काढत बसलो. उर्दूनं माझं काही वाईट केलेलं नाही. माणसं बोलत नव्हती तेव्हा ती एकटी माझ्याशी बोलत होती.

आता तुझं. कचेरीत न वाचता येणारा माणूस समोर उभा राहतो आणि वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघत असतो. त्याचं शेत, त्याची अब्रू, सगळं त्या जिभेवर. तिथं कुणी लाच घेऊन ओळ गाळतो, कुणी भिऊन, कुणी मास्तरांसारखा मायेनं. मी सगळ्या तऱ्हा पाहिल्या. पण स्वतःच्या विरुद्धचा निकाल, आणि त्यात स्वतःला खोटारडी ठरवलेलं असताना, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारं कुणी मला भेटलं नव्हतं. ते माझ्या घरात निघालं. पोरी, मी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं, आणि तू माझी भाची आहेस याचा मला फार अभिमान वाटतो.

काल मी किन्हीराजाला जाऊन आलो. जगदेवना म्हणालो, मुलगी शिकलेली आहे, उर्दू शिकलेली आहे, एप्रिलात वाशीमला परीक्षा देईल आणि पुढं मास्तरीण होईल. ते म्हणाले, "शालिग्रामजी, तुमाले याड लागलं काय?" मी म्हणालो, लागलं असेल. त्यांनी चहा विचारला नाही आणि मी थांबलो नाही. स्थळ गेलं. गावोगाव चार गोष्टी बोलल्या जातील, त्या माझ्या नावावर बोला असं मी सांगून आलोय. दाजींना मामाचा शब्द हवा होता, तो हा.

माळ्यावरची तख्ती काढ. परीक्षेला मी स्वतः येईन. हिंगोलीहून गाडीनं वाशीमला उतरतो, तू दाजींबरोबर ये. माझ्या पोरालाही आणणार आहे. त्याची मराठी छान चालली आहे, पण या घरात बापाचं अक्षर कुणालाच वाचता येत नाही, हे मला तुझ्या आईचं पत्र वाचताना कळलं. सुट्टीत त्याला ओसरीवर बसवून घे. पोरींच्यात बसायला लाजेल, तर लाजू दे.

तुझा मामा,
शालिग्राम


रिठद,
आषाढ, १९५५

दादा,

अक्षर पाहून घाबरू नको. चतुरी गेल्या हप्त्यात अकोल्याले मास्तरकीच्या ट्रेनिंगले गेली. तिथी ह्यायच्या आतेबहिनीपाशी राह्यते. आता हे लिहनारी हुसना होय, पिंजाऱ्याच्या घरची. चतुरीच्या ओसरीवर सगळ्यात पह्यले येऊन बसली ते हेच. बारा वर्साची हाय. मी बोलते तसंच लिही म्हनलं, तं लिहून राह्यली.

चतुरी मोटारीत बसली तवा आदं गाव आलं होतं. हुसनाची माय माह्यापेक्षा जास्त रडली. ज्या बायायनं बोटं दाखवले होते, त्याच आता पान्यावर म्हन्तेत, आमची चतुरी अकोल्याले गेली. मी आयकते अन् घागर उचलते. मुनीर मास्तर काठी टेकत आले होते. तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्यायचा हात कापत होता, तं तिनंच तो धरून ठेवला. ह्यायनं मोटार दिसेनाशी झाली तरी फेटा काढून हातात धरलेलाच. मी म्हनलं, चाला आता. म्हन्ते, थांब जरासी. दादा, मले लय बरं वाटून राह्यलं अन् घर खायाले बी उठून राह्यलं, दोन्ही सांगते.

तू वाशीमले परीक्षेच्या वक्ती भिंतीपाशी उन्हात बसून राह्यला होता, हे ती अजून सगळ्यायले सांगते. हेबी तुले माईत असू दे.

आता एक काम कर. हुसना नवी हाय. मले वाचता येत नाई, अन् मायेनं गाळनारे मी पाह्यले हायत. म्हनून मी तिले आता सांगून राह्यली का असं लिही: ही हुसना अक्षर बरं काढते, पन आळशी हाय, बोरू तासाले सांगतलं तं तोंड वाकडं करते, अन् काल तिनं न इचारता आमच्या बरनीतलं लोनचं काढून खाल्लं. हे सांगतलं तशी ते माह्याकडं पाहून राह्यली. बोरू थांबला होता. आता परत चालून राह्यला, पन काय चालून राह्यला ते तुलेच दिसन.

तिनं लिवलं असन तं उलट टपाली पाकिटात सुपारीचं एक खांड घालून धाड. नसन लिवलं तं रिकामं धाड. कागदावर लिहू नको, तो कागद तीच वाचीन. मंग मी ठरवीन, इच्यापाशी मनातलं बोलाचं का नाई.

तुळसा

शालिग्राम मामू, सलाम. लोणचं मी दोनदा खाल्लं. बाईंना एकदाचंच माहीत आहे.
हुसना